मदरसा, मक्तब, दारुल उलूम: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातले शिक्षक, वार्ताहर, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि शेजारीपाजारी मदरशांबद्दल जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवतो. वर्गातली काही मुलं शाळेआधी किंवा शाळा सुटल्यावर मशिदीत शिकायला जातात, त्यामुळे या प्रश्नांकडे मी आधी त्या मुलांच्या बाजूने बघतो.

‘मदरसा’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

शब्द अरबी आहे. ‘दर्स’ म्हणजे धडा, ‘मुदर्रिस’ म्हणजे धडा देणारा आणि ‘मदरसा’ म्हणजे जिथे धडे होतात ती जागा. थोडक्यात, शाळा. कैरोत किंवा दमास्कसमध्ये भूगोल, गणित आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरकारी शाळेलाही मदरसाच म्हणतात. इराणातही तसंच.

भारतात मात्र अर्थ आक्रसला. इंग्रजी अमलात नव्या धर्तीची ‘स्कुलं’ निघाली आणि जुन्या पद्धतीने अरबी-फारसी शिकवणाऱ्या संस्थांना मदरसा हे नाव चिकटून राहिलं. सुरुवातीला तीही केवळ धर्मशिक्षणाची ठिकाणं नव्हती. इंग्रज गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने 1780 साली कलकत्त्यात मदरसा काढला तो कंपनीच्या न्यायालयांना कायदा जाणणारी माणसं हवी होती म्हणून. 1837 मध्ये फारसीचं सरकारदरबारचं स्थान गेलं, त्या शिक्षणावर मिळणाऱ्या नोकऱ्या गेल्या, आणि मदरशाकडे उरलं ते मुख्यतः दीनी, म्हणजे धार्मिक, शिक्षण. आज मराठीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत हा शब्द उच्चारला की हाच अर्थ समोर येतो.

आमच्या गावात चार ठिकाणांना लोक मदरसा म्हणतात. चारही एकच का?

नाही. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात, म्हणून हे उत्तर जरा लांबवतो.

पहिलं आणि सगळ्यांत जास्त आढळणारं ठिकाण म्हणजे मक्तब. मशिदीच्या बाजूची एखादी खोली, नाहीतर मशिदीचा व्हरांडा. पहाटेच्या फजरच्या नमाजनंतर तासभर किंवा संध्याकाळी असर ते मगरिब या नमाजांच्या दरम्यान गल्लीतली मुलं येतात, धडा घेतात आणि घरी जातात. शिकवणारे बहुतेक त्याच मशिदीचे इमाम असतात. मूल दिवसा आपल्या नेहमीच्या शाळेत असतं, मग ती मराठी असो, कन्नड असो, उर्दू असो की इंग्रजी. आपल्याकडे ‘अरबी शिकायला गेलाय’ किंवा ‘सिपारा वाचायला गेलाय’ असं म्हणतात ते याबद्दल.

दुसरं, हिफ्जचा निवासी मदरसा. इथे मुलं राहतात, जेवतात आणि कुराण तोंडपाठ करतात.

तिसरं, दारुल उलूम किंवा जामिया. इथे आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार, होण्यासाठीचा बऱ्याच वर्षांचा अभ्यासक्रम असतो. अरबी व्याकरण, फिकह म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं, तफसीर म्हणजे कुराणाचं भाष्य, शिवाय तर्कशास्त्र. बंगळुरूचं सबीलुर रशाद हे कर्नाटकातलं या प्रकारातलं ठळक नाव. सीमाभागातल्या मुलांना वरच्या शिक्षणासाठी अशा मोठ्या ठिकाणी जावं लागतं.

चौथं ठिकाण मदरसाच नव्हे. सरकारी उर्दू शाळा. ती सरकारची शाळा आहे. तिथे गणित, विज्ञान, समाजशास्त्र, कन्नड हे सगळे विषय आहेत, दुपारी मध्यान्ह आहार आहे, शिक्षकांचा पगार सरकार देतं. माध्यम फक्त उर्दू. तरीही गावात तिला सर्रास मदरसा म्हटलं जातं आणि वर्तमानपत्रातही कधी कधी तसं छापून येतं. मराठी शाळेला कुणी पाठशाळा म्हणून चालवून घेणार नाही. उर्दू शाळेलाही तिचं स्वतःचं नाव मिळायला हवं.

म्हणून कुणी ‘त्या मदरशात…’ असं वाक्य सुरू केलं की मी आधी विचारतो, यातला कोणता?

मुस्लिम मुलं शाळा सोडून मदरशातच जातात, हे खरं का?

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने 2006 च्या अहवालात देशभराची आकडेवारी तपासली. शाळेत जाण्याच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी मुलं सुमारे 3 टक्के निघाली. लोकांना हा आकडा फार मोठा वाटत होता, कारण मक्तबात जाणाऱ्या मुलांनाही मदरशातली मुलं म्हणून धरलं जात होतं. समितीने हा फरक मुद्दाम स्पष्ट करून लिहिला आहे. मक्तबातलं मूल शाळेतही असतं. त्याला दोनदा मोजायचं नाही आणि शाळाबाह्य तर अजिबात मोजायचं नाही.

आकडा वीस वर्षांपूर्वीचा आहे हे लक्षात ठेवा. पण आपापल्या गावात शाळेची हजेरी आणि मक्तबातली मुलं ताडून पाहिली तर चित्र फारसं वेगळं दिसणार नाही असं मला वाटतं.

मक्तबात नेमकं शिकवतात काय?

सुरुवात ‘कायदा’पासून. हे अंकलिपीसारखं पातळ पुस्तक असतं. अक्षरओळख, मग जेर-जबर-पेश ही स्वरचिन्हं, मग जोडून वाचणं. ते संपलं की कुराण ‘नाझिरा’, म्हणजे बघून वाचणं. कुराणाचे 30 भाग आहेत, त्यांना पारा किंवा सिपारा म्हणतात. पहिल्यांदा पूर्ण वाचून झालं की घरी गोडधोड होतं, शेजाऱ्यांकडे मिठाई जाते. बरोबरीने नमाज कशी पढायची, वजू, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं, कसा करायचा, रोजच्या दुआ, मोठ्यांना सलाम, खोटं बोलू नये, उष्टं टाकू नये, अशा गोष्टी.

मूल अरबी वाचतं, पण अरबी भाषा त्याला समजते असं नाही. संस्कृत स्तोत्र पाठ म्हणणाऱ्या मुलाची जी स्थिती, तीच याची. अर्थ पुढे कधीतरी, उर्दूतून किंवा मराठीतून. मला वैयक्तिक असं वाटतं की अर्थ थोडा आधी, मुलाच्या भाषेत सांगितला गेला तर बरं. तसं करणारे मौलानाही भेटले आहेत.

एक गोष्ट मात्र शिक्षक म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. खानापूर किंवा निपाणीतलं मराठी शाळेतलं मुस्लिम मूल दहाव्या वर्षापर्यंत चार लिप्या हाताळतं. देवनागरी, कन्नड, इंग्रजी आणि अरबी. यातली एक उजवीकडून डावीकडे जाते. घरी दखनी, गल्लीत मराठी, बसस्टँडवर कन्नड. एवढा भार पेलणाऱ्या मुलाला ‘मागे पडतंय’ असा शेरा मारण्याआधी आपण त्याच्या वहीकडे नीट बघायला हवं. काही मुलं पहिली-दुसरीत अक्षरं उलट्या दिशेने गिरवतात किंवा ओळ उजवीकडून सुरू करतात. ते बहुधा सवयीचं असतं, आजाराचं नव्हे. दोन-तीन महिन्यांत जातं. मौलानांशी एकदा बोललं तर तेही आपल्या बाजूने सांभाळून घेतात.

शिकवण्याची भाषा कोणती? मराठीत शिकवतात का?

बहुतेक ठिकाणी उर्दू, आणि बोलताना दखनी. बाहेरून, उत्तर प्रदेश किंवा बिहारकडून आलेले मौलाना असतील तर त्यांची उर्दू आणि मुलांची दखनी यांची गाठ पडायला काही दिवस जातात. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांना उर्दू कानाने कळते, पण वाचता येत नाही. त्यामुळे काही मक्तबांत देवनागरीतली दीनी पुस्तकं चालतात. कुराणाची मराठी भाषांतरं उपलब्ध आहेत. कारवार आणि भटकळच्या बाजूला भाषा आणखी वेगळ्या, मंगळूरकडे बेअरी ही बोली. मंगळूरकडचे बरेच मदरसे केरळच्या समस्ता या धर्मशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमावर चालतात. क्रमिक पुस्तकं, इयत्ता, परीक्षा असं सगळं आखलेलं असतं. आपल्याकडे तेवढी घडी बसलेली नाही. प्रत्येक मशीद आपल्या पद्धतीने चालवते.

हाफिज कुणाला म्हणतात? किती वर्षं लागतात?

संपूर्ण कुराण ज्याला तोंडपाठ आहे तो हाफिज. मुलगी असेल तर हाफिजा. 114 सूरे म्हणजे अध्याय, सहा हजारांहून जास्त आयती म्हणजे वचनं. मुलाच्या कुवतीप्रमाणे साधारण दोन ते चार वर्षं लागतात.

पाठांतराची पद्धत बघण्यासारखी आहे. रोज नवा ‘सबक’ घ्यायचा, उस्तादांना ऐकवायचा. गेल्या काही दिवसांतलं पाठ झालेलं ते ‘सबकपारा’, तेही रोज ऐकवायचं. आणि त्याहून जुनं सगळं फिरवत राहायचं, त्याला ‘आमोख्ता’ म्हणतात. नवं थोडं आणि जुनं भरपूर, असं त्याचं प्रमाण. पाठ करून सोडून दिलं तर निसटतं, म्हणून हाफिजला जन्मभर ‘दौर’, म्हणजे उजळणी, करावा लागतो. रमजानमध्ये तरावीहच्या, म्हणजे रात्रीच्या खास, नमाजेत पूर्ण कुराण म्हणतात, त्या वेळी हाफिजांची खरी कसोटी असते. मागे दुसरा हाफिज उभा असतो आणि चूक झाली की तिथल्या तिथे सांगतो.

पूर्ण झालं की डोक्याला फेटा बांधतात. त्या समारंभाला दस्तारबंदी म्हणतात.

मुल्ला, मौलवी, मौलाना, आलिम, मुफ्ती, कारी: हे सगळे एकच का?

आलिम म्हणजे पूर्ण अभ्यासक्रम केलेला. मौलवी आणि मौलाना ही त्याला आदराने लावायची नावं; आपल्याकडे मशिदीतल्या कुठल्याही शिकवणाऱ्याला मौलाना म्हणतात आणि मुलं समोर ‘हजरत’ म्हणून हाक मारतात. मुफ्तीने आलिम झाल्यावर फतवा देण्याचं जास्तीचं शिक्षण घेतलेलं असतं. कारी म्हणजे तजवीदच्या, म्हणजे उच्चारशास्त्राच्या नियमांनी कुराण म्हणणारा. मुलींना शिकवणाऱ्या बाईंना ‘आपा’.

मुल्ला हे आपल्या भागात आडनाव आहे. जुन्या गावगाड्यात मुलाणा हा बलुतेदार होता. मशिदीची देखभाल, जनावर हलाल करणं, थोडंफार शिकवणं ही त्याची कामं. आज मुल्ला आडनावाचा माणूस बँकेत असेल, शेती करत असेल, नाहीतर एसटीत कंडक्टर असेल. त्याला मदरशाबद्दल विचारू नका, त्याला काही माहीत असेलच असं नाही.

मदरशात ‘तालीम’ चालते म्हणजे कुस्त्या का?

हसू नका, हा प्रश्न कोल्हापूर-बेळगाव भागात खरोखर विचारला जातो आणि त्यात विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. तालीम हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. आपण तो घेतला तो लाल मातीच्या आखाड्यासाठी. उस्ताद फारसीतून आले, आपल्याकडे वस्ताद झाले. मदरशात ‘तालीम अच्छी है’ म्हणजे शिक्षण चांगलं आहे.

जकातीचंही तसंच. आपल्याला जकात म्हटलं की नाका आठवतो. मदरशाच्या पावतीवर जकात लिहिलेली असते ती धर्माने सांगितलेली दानाची रक्कम.

ही पद्धत आपल्या भागात केव्हापासून आहे?

सीमाभागातल्या मराठी माणसाने एकदा तरी बीदरला जाऊन महमूद गवानचा मदरसा बघावा असं मी प्रत्येकाला सांगतो. बीदर-भालकी हा आपल्याच सीमावादाच्या नकाशातला भाग, आणि तिथे भारतातल्या मदरशाच्या जुन्या, भव्य इमारतींपैकी एक उभी आहे.

महमूद गवान इराणातल्या गिलान प्रांतातून व्यापारासाठी आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. 1472 मध्ये त्याने हा मदरसा बांधला. तीन मजली इमारत, मधे मोठं चौक, चारी बाजूंनी विद्यार्थ्यांच्या खोल्या, शिक्षकांच्या राहण्याची सोय, ग्रंथालय. ग्रंथालयात 3,000 ग्रंथ होते असं सांगतात. समोरच्या बाजूवर निळ्या-हिरव्या-पिवळ्या मुलाम्याच्या फरश्या बसवलेल्या, थेट इराणी धर्तीच्या. दोन मिनारांपैकी एक शिल्लक आहे. दुसरा आणि समोरचा मोठा भाग 17व्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या काळात, तिथे साठवलेल्या दारूगोळ्याच्या स्फोटात गेला. शिक्षणाच्या इमारतीत दारूगोळा ठेवण्याची वेळ यावी याचं आजही वाईट वाटतं.

बेळगावशीही या माणसाचा संबंध आहे. मदरसा उभा राहत होता त्याच सुमारास बहमनी फौजांनी बेळगावचा किल्ला घेतला, आणि त्या मोहिमेत गवान होता. 1481 मध्ये खोट्या पत्राच्या आधारे त्याच्यावर फितुरीचा आळ आला आणि सुलतानाने त्याला ठार केलं. बहमनी राज्य त्यानंतर फार टिकलं नाही; त्याचे तुकडे होऊन पाच शाह्या झाल्या. त्यातली विजापूरची आदिलशाही बेळगाववर आली.

म्हणजे या मातीत मदरसा ही काल-परवा आलेली गोष्ट नाही. साडेपाचशे वर्षांची ओळख आहे.

‘दर्से निझामी’ म्हणजे हैदराबादच्या निजामाचा अभ्यासक्रम का?

नाही. लखनौच्या फिरंगी महलमधले मुल्ला निझामुद्दीन, मृत्यू 1748, यांनी लावलेला आलिमच्या अभ्यासाचा तो क्रम. बगदादला 1067 मध्ये उघडलेल्या निझामिया मदरशाशीही त्याचा थेट संबंध नाही; तो सेल्जुक वजीर निझाम-उल-मुल्क याचा. नावं सारखी, माणसं वेगळी. देवबंद (तिथला दारुल उलूम 1866 चा) आणि बरेली या दोन्ही विचारधारांचे मदरसे आपापले बदल करून हाच दर्से निझामी शिकवतात. त्यात कुठल्या विचारधारेचा मदरसा आहे यावरून गावात वाद होतात, पण ग्रंथ बरेचसे तेच असतात.

मुलींसाठी मदरसे असतात का?

असतात. मक्तबात लहान मुलगे-मुली एकत्रच बसतात. मुली जरा मोठ्या झाल्या की वेगळा वर्ग, आपांकडे. मुलींच्या निवासी मदरशांना निस्वान (स्त्रिया) किंवा बनात (मुली) असं नाव जोडलेलं दिसेल, तिथला आलिमाचा अभ्यासक्रम साधारण पाच वर्षांचा असतो. काळजी एकाच गोष्टीची वाटते. सातवीनंतर हायस्कूल लांब आहे, एसटी वेळेवर नाही, म्हणून मुलीला तिकडे पाठवलं जातं. त्या घरात मदरशाची निवड श्रद्धेपेक्षा बसच्या वेळापत्रकाने केलेली असते. हा प्रश्न मराठा, लिंगायत, धनगर मुलींचाही आहे. त्या घरी बसतात एवढाच फरक.

पैसा कुठून येतो?

मक्तबाचा खर्च म्हणजे इमामांचा पगार. तो जमात, म्हणजे मशिदीला जोडलेली घरं, महिन्याच्या वर्गणीतून देते. रक्कम बहुतेक ठिकाणी इतकी कमी असते की इमामांना जोडधंदा करावा लागतो. मला हे नेहमी खटकतं.

निवासी मदरसे जकात, फित्रा (ईदच्या आधीचं दान) आणि सदका (ऐच्छिक दान) यावर चालतात. शिलकीतल्या संपत्तीवर वर्षाला अडीच टक्के जकात द्यायची असते आणि ती गरजू विद्यार्थ्यांच्या जेवणाखाण्यावर खर्च करता येते. रमजानमध्ये पावतीपुस्तकं घेऊन फिरणारे लोक दिसतात ते यासाठीच; त्यांना सफीर म्हणतात. बकरी ईदला कुर्बानीची कातडी मदरशांना दिली जात. अलीकडे कातड्यांना भावच उरला नाही, त्यामुळे तो आधार जवळजवळ तुटला. गावातले हिंदू शेतकरीही सुगीत पोतं-दोन पोती जोंधळा देतात, हे बाहेरच्यांना सांगितलं की आश्चर्य वाटतं.

सरकारी नियम लागू होतात का? शिक्षण हक्क कायद्याचं काय?

संविधानाच्या कलम 30 ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क दिला आहे. कर्नाटकातल्या मराठी शाळा ज्या कलमाचा आधार घेतात तेच हे कलम. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तिने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था यांना कायद्यातून वगळलं. ही सूट संस्थेला आहे. 6 ते 14 वयाच्या मुलाचा जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क तिने संपत नाही.

उत्तर प्रदेश, बिहारमध्ये कायद्याने स्थापन झालेली मदरसा मंडळं आहेत. कर्नाटकात तसं मंडळ नाही. उत्तर प्रदेशचा 2004 चा मदरसा कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये रद्द ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने 5 नोव्हेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाच्या निकालाने तो वैध ठरवला. फक्त कामिल आणि फाजिल या पदवी-पदव्युत्तर पातळीच्या पदव्या मंडळाला देता येणार नाहीत, कारण तो विषय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात येतो, असं न्यायालय म्हणालं. या निकालाच्या बातम्या आपल्याकडेही झळकल्या आणि ‘आता आमच्या मक्तबाचं काय’ असं लोक विचारू लागले. मक्तबाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

नदीपलीकडे महाराष्ट्रात नियम निराळे. तिथे गणित, विज्ञान असे विषय शिकवायला तयार असलेल्या मदरशांना डॉ. झाकिर हुसेन यांच्या नावाच्या आधुनिकीकरण योजनेतून मदत मिळते, आणि 2015 मध्ये सरकारने असं ठरवलं की हे विषय न शिकवणाऱ्या मदरशातलं मूल शाळाबाह्य धरायचं. कागल किंवा गडहिंग्लजच्या नातेवाइकाने सांगितलेला नियम निपाणीत लागू असेलच असं समजू नका.

तिथे वाईट काही शिकवत तर नाहीत ना, अशी भीती वाटते. काय करावं?

प्रश्न आडून विचारला जातो, म्हणून सरळ उत्तर देतो. जाऊन बघा. मक्तबाला दार असतं आणि ते उघडं असतं. बाकावर किंवा चटईवर बसलेली दहा-वीस मुलं, पुढ्यात रेहल, म्हणजे पुस्तक ठेवायची लाकडी घडी, त्यावर पुस्तक, पुढेमागे डुलत एकाच वेळी मोठ्याने आपापला धडा म्हणताहेत, असं दिसेल. सगळ्यांचा आवाज एकत्र ऐकून नवख्याला काही कळत नाही. उस्तादांना मात्र कोण चुकलं ते बरोबर कळतं.

एखाद्या ठिकाणी काही गैर घडलं असेल तर त्या माणसाबद्दल, त्या ठिकाणाबद्दल पोलिसांत तक्रार करा. जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांच्या डोक्यावर तो संशय ठेवू नका. माझ्या वर्गात बसलेल्या तिसरीतल्या मुलाला मधल्या सुट्टीत कुणी ‘मदरसेवाला’ म्हणून चिडवतं, तेव्हा त्या संशयाची किंमत कोण भरतो ते मला दिसतं.

मुलाला निवासी मदरशात घालायचं ठरवलं आहे. काय बघावं?

हे आई-वडिलांना, आणि मनापासून. आधी स्वतः जाऊन राहण्याची जागा बघा: झोपायची खोली, संडास, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर. आजारी पडल्यावर कुठल्या दवाखान्यात नेतात ते विचारा. किती मुलांमागे किती उस्ताद आहेत आणि रात्री मुलांजवळ कोण असतं हे विचारायला लाजू नका. मुलाला घरी फोन करता येतो का, आणि तो एकट्याने करता येतो का?

मारण्याबद्दल स्पष्ट विचारा. ‘छडी लागे छमछम’चा काळ गेला. मुलाचा सांभाळ ज्याच्याकडे आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 75 खाली तो गुन्हा आहे, आणि तो मदरसा, आश्रमशाळा, वसतिगृह सगळीकडे सारखाच. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक मुलाला पाठ करून द्या.

आणि शेवटी, माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं: दहावीचं काय? काही मदरसे मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेला बसवतात; तिथे 14 वर्षं पूर्ण झाली की माध्यमिकला नाव घालता येतं. बीदरच्या शाहीन संस्थेने हिफ्ज झालेल्या मुलांना गणित-विज्ञान शिकवून दहावी-बारावीपर्यंत आणण्याचा अभ्यासक्रम चालवला आहे. पाठांतराची सवय झालेली मुलं, पाया पक्का करून घेतला की झपाट्याने पुढे जातात. हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठ काही ठरावीक मदरशांची प्रमाणपत्रं ठरावीक अभ्यासक्रमांना ग्राह्य धरतात. अलिगढमध्ये मदरशातून आलेल्यांसाठी जोड-अभ्यासक्रमही आहे. तुमचा मदरसा त्या यादीत आहे का, हे प्रवेश घेण्याआधी विचारा. पाच वर्षांनी विचारून उपयोग नाही.

मदरशाला भेट द्यायची आहे. कधी जावं?

शुक्रवारी जाऊ नका, सुट्टी असते. गुरुवारी दुपारपासूनच मुलं मोकळी असतात. रमजानमध्येही निवासी मदरसे बंद असतात, कारण त्यांचं वर्ष रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात सुरू होऊन रमजानआधीच्या शाबानमध्ये संपतं. आदल्या दिवशी निरोप द्या. चप्पल बाहेर काढा. चहाला नाही म्हणू नका.

मुलगा दोन-तीन वर्षं हिफ्ज करून परत आला आहे. शाळेत कोणत्या वर्गात घ्यायचा?

हा प्रश्न मुख्याध्यापक विचारतात आणि पालक तर घाबरतच विचारतात. चौथीत असताना मदरशात गेलेला मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षी परत येतो. त्याला पुन्हा चौथीत लहान पोरांत बसवलं की तो आठवड्यात शाळा सोडतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 प्रमाणे त्याला वयानुसार वर्गात घ्यायचं आहे, आणि मागे राहिलेलं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं आहे. ते चालू असताना 14 वर्षं पूर्ण झाली तरी प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत ते मोफतच राहतं. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर होत असेल तरी थांबवून ठेवायचं नाही.

व्यवहारात काय करावं? पहिले काही आठवडे त्याला गणिताच्या मूलभूत क्रिया आणि कन्नड वाचन एवढंच द्या. मराठी वाचन लवकर परत येतं. त्याला जे येतं ते वर्गाला दिसू द्या. हिफ्ज केलेल्या मुलाची पाढे आणि कविता पाठ करण्याची गती बघून बाकीची पोरं गप्प होतात. संध्याकाळचा दौर त्याला चालूच ठेवायचा असतो, तेव्हा गृहपाठ कमी द्या आणि मौलानांना फोन करून शाळेची वेळ कळवा. दाखला भरताना ‘मागील शाळा’ या रकान्यात मदरशाचं नाव लिहायला संकोच करू नका. कुठल्या वर्षी चौथी सुटली आणि कुठल्या वर्षी परत आला, एवढं नोंदवा. दहावीच्या अर्जाच्या वेळी तीच नोंद त्याच्या उपयोगी पडते.